गुरुवारचा फोन आणि पाच चिंध्या

परवा आमच्या शेजारच्या वहिनींनी मोबाइल खिडकीत तांब्याला टेकवून उभा केला आणि हैदराबादच्या डॉक्टरांशी समोरासमोर बोलल्या. वहिनींना मधुमेह आहे. डॉक्टरांना त्यांचा चेहरा दिसत होता. वहिनींनी पाय वर करून दाखवला तर टाचेची भेगही दिसली. मी बाजूला बिनसाखरेचा चहा पीत बसलो होतो. डॉक्टर निरोप घेणार तेवढ्यात माझ्यातल्या म्हाताऱ्या कंपाउंडरला राहवेना. मी मधेच तोंड घातलं, "वहिनी, इन्शुलिनची बाटली दाखवा त्यांना."

"काऊन?" वहिनी म्हणाल्या. "ते काय बाटलीचे डॉक्टर हायेत?"

डॉक्टर हसले, वहिनी हसल्या, मीही हसलो. पण माझं समाधान झालं नाही. शेवटी मीच उठून त्यांच्या फ्रिजमधली बाटली काढली, उजेडाकडे धरून पाहिली आणि परत ठेवली. वहिनींनी घरात जाऊन सांगितलं असेल की म्हाताऱ्याला वेड लागलंय. त्या वेडाची गोष्ट सांगायला हवी.

मी आदिलाबादला बसस्टँडमागच्या गल्लीत, एका दोन खोल्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दवाखाना नागपूरच्या एका डॉक्टरांचा. ते मूळचे आदिलाबादजवळच्या आमच्या बेला गावाकडचे. नागपुरात मधुमेहाचे डॉक्टर म्हणून त्यांचं चांगलं बस्तान होतं, तरी दर गुरुवारी ते पहाटेच्या बसने आदिलाबादला यायचे आणि आपल्या मुलखातले पेशंट तपासून संध्याकाळी परत जायचे. असं बरीच वर्षं चाललं. मग एकदा ते घराच्या जिन्यावरून पडले, कमरेचं हाड मोडलं आणि बसचा प्रवास कायमचा बंद झाला. मला वाटलं, दवाखान्याला कुलूप लागणार. आठवड्याभरात त्यांचं पत्र आलं. ‘गुरुवारी मी येणार नाही, माझा फोन येईल. हात तुझे, डोळे तुझे, डोकं माझं. जमेल?’

जमेल की नाही हे मला कुठे ठाऊक होतं? पण मी लगेच ‘जमेल’ असं उलट टपाली कळवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावी झालेलं नव्हतं. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मी विज्ञानाचं पुस्तक मोठ्याने वाचायचो आणि आई न समजताही ऐकत बसायची. आपल्याला विज्ञान येतं याचा मला भारी गर्व होता. तो पुढे नडला, पण ते नंतर.

सुरुवातीला ट्रंक कॉल असे. बुक करून ठेवायचा आणि वाट पाहायची. दुपारी तीनचा कॉल कधी साडेचारला लागे, कधी लागतच नसे. लागलाच तर मधेच ऑपरेटर बाई विचारायची, "तीन मिनिट हो गये, बढ़ाऊँ क्या?" बाकड्यावर बसलेले पेशंट एकसुरात ओरडायचे, "बढाव, बढाव!" पुढे शेजारीच एसटीडीचा बूथ झाला आणि आमची चंगळ झाली.

आता आमचं काम कसं चाले ते सांगतो, कारण आजच्या मुलांना ते जादूटोण्यासारखं वाटेल. बोटाला टोचून क्षणात आकडा दाखवणारं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. लघवी तपासायची. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. रंग निळाच राहिला तर लघवीत साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, मग केशरी, आणि विटेसारखा लाल झाला की प्रकरण गंभीर. समोर डॉक्टर असले तर काही प्रश्न नाही. पण फोनवर रंग कसा सांगायचा? माझा पिवळा म्हणजे हळदीचा, डॉक्टरांचा पिवळा म्हणजे लिंबाचा. पहिल्याच महिन्यात आमचं त्यावरून वाजलं.

तोड डॉक्टरांच्या बायकोने काढली. त्यांनी नागपुरात पाच रंगांचे ब्लाऊजपीस घेतले, प्रत्येकाचे दोन तुकडे केले आणि एक संच मला टपालाने पाठवला. दुसरा डॉक्टरांच्या टेबलावर. एक नंबर निळा, पाच नंबर विटकरी. त्यानंतर मी नळी चिंध्यांशेजारी धरायचो आणि फोनवर फक्त आकडा सांगायचो. चिंध्या उन्हाने विटू नयेत म्हणून मी त्या वहीत दाबून ठेवत असे. जखमेचं मापही आम्ही असंच ठरवलं होतं, ज्वारीच्या दाण्याएवढी, तुरीएवढी, हरभऱ्याएवढी. हरभऱ्याच्या पुढे गेली की डॉक्टर म्हणत, "मोठ्या दवाखान्यात पाठव."

पेशंट एकेक नमुना होते. बेल्याकडच्या एक पाटलीणबाई यायच्या. माझ्या हातचं पाणी त्यांना चालत नसे. तहान लागली की समोरच्या हॉटेलात जाऊन पिऊन यायच्या. पण स्वतःच्या लघवीची बाटली माझ्या हातात देताना त्यांना कधी काही वाटलं नाही. मी मनात म्हणायचो, वा, हाही एक व्यवहार आहे! या पाटलीणबाईंच्या पायाची जखम भरत नव्हती आणि नळी मात्र दर गुरुवारी निळीशार. मी फोनवर ‘एक नंबर’ सांगितलं की त्या पदर सावरून ऐटीत बसत. डॉक्टरांना संशय आला. त्यांनी फोन पाटलीणबाईंच्या हातात द्यायला सांगितला आणि विचारलं, "आई, रात्री किती वेळा उठता लघवीला?"

"पाच-सा डाव त उठतोच जी," पाटलीणबाई सरळ बोलून गेल्या.

मग सगळं उलगडलं. बाटली सुनेची होती. मी जरा कडक आवाजात विचारलं तर म्हातारी रडायलाच लागली. "मागं लाल रंग निंगाला तवा डाक्टर फोनवर लय नाराज झाले होते. एवढ्या लांबून बोलून राह्यले बिचारे, मनलं कायले त्याईले दुःख द्याव?" त्या दिवशी रडून रडून त्यांना तहान लागली. मी ग्लास पुढे केला आणि त्यांनी तो घेतला. दोघांनीही त्याबद्दल पुढे कधी शब्द काढला नाही.

मला खरं सांगायचं आहे ते वंदनाबद्दल.

वंदना बेल्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली, लक्ष्मणभाऊ नावाच्या शेतकऱ्याची एकुलती मुलगी. दहा वर्षांची असताना तिला मधुमेह झाला. मोठ्यांचा मधुमेह वेगळा, लहान मुलांचा वेगळा. या मुलांच्या अंगात इन्शुलिन तयारच होत नाही, ते रोज टोचावं लागतं आणि ते थांबलं तर मूल जगत नाही. हे मी लक्ष्मणभाऊंना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ आपल्या हातांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मले शिकवा. सुई म्याच देईन." त्या माणसाचे हात कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले आणि दगडासारखे टणक. पण काचेची सिरिंज उकळणं, औषध मोजून ओढणं, मुलीच्या मांडीची कातडी चिमटीत धरून सुई देणं, हे सगळं ते चार दिवसांत शिकले. सुई देताना ते वंदनाशी बैलांबद्दल बोलत राहायचे. तिचं लक्ष बैलांकडे जाई आणि सुई होऊन जाई.

प्रश्न होता बाटली ठेवण्याचा. इन्शुलिन गारव्यात ठेवावं लागतं आणि गावात फ्रिज नव्हता. मी त्यांना आमची नेहमीची पद्धत दाखवली. कोऱ्या माठात ओली वाळू, वाळूत एक छोटं मडकं, त्यात डबी, डबीत बाटली, आणि तोंडावर ओलं फडकं. दोन वर्षं ते छान चाललं. वंदनाची नळी बहुतेक वेळा दोन नंबरवर असे. ती अभ्यासात हुशार होती. नळी उकळत असताना रंग आधी ओळखायची पैज ती माझ्याशी लावायची आणि बरेचदा जिंकायची.

तिसऱ्या वर्षी मे महिना असा तापला की विचारू नका. लक्ष्मणभाऊ एका गुरुवारी काळजीने म्हणाले, "भाऊ, माठातलं पानी बी कोमट होऊन राह्यलं. दवा खराब त नाई होनार?"

मी घाईत होतो. बाकडं भरलेलं, फोनची वेळ झालेली. मी म्हणालो, "मग बर्फात ठेवा. जितकं थंड तितकं चांगलं."

"बर्फ त दुपारलोग पानी होते."

आणि इथे माझं विज्ञान जागं झालं. मी शाळेत शिकलो होतो की बर्फात मीठ घातलं की तो आणखी थंड होतो. मी ऐटीत म्हणालो, "कुल्फीवाला काय करतो? मीठ घालतो ना बर्फात? तसं करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना मोठा मंत्र दिला. ते गेले आणि मी फोनकडे वळलो. डॉक्टरांना यातलं काहीही सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीत काय विचारायचं, असं वाटलं.

पुढच्या गुरुवारी वंदनाची नळी केशरी झाली. डॉक्टरांनी डोस वाढवला. त्याच्या पुढच्या गुरुवारी विटकरी. पुन्हा डोस वाढवला. पोर सुकत चालली होती, गळ्याची हाडं दिसायला लागली होती. डॉक्टर फोनवर पुन्हा पुन्हा विचारत, "खाण्यात काही? ताप? कुठे जखम?" मी सगळं तपासून ‘नाही’ म्हणत होतो. बाटली मात्र मी पाहिली नव्हती. बसमध्ये ती गरम होईल म्हणून लक्ष्मणभाऊ ती घरीच ठेवून येत, आणि मलाही ती मागावीशी वाटली नाही. त्या दिवसांत वंदनाने पैज लावणं सोडून दिलं होतं. रंग तिला आधीच माहीत असायचा.

मग एका मंगळवारी दुपारी दवाखान्यासमोर जीप थांबली. लक्ष्मणभाऊ वंदनाला दोन्ही हातांवर घेऊन उतरले. मागून एक शेजारी भली मोठी डेगची घेऊन आला. वंदनाचे डोळे अर्धवट मिटलेले, श्वास खोल आणि भराभर, आणि तोंडाला फार पिकलेल्या सीताफळासारखा वास. तो वास काय असतो हे मला डॉक्टरांनी शिकवलं होतं. तिला तसंच उचलून आम्ही बूथमध्ये नेलं आणि मी नागपूर लावलं.

"सर, वंदना. बोलत नाही. श्वास जोरात चाललाय."

"फोन तिच्या तोंडाशी धर," डॉक्टर म्हणाले.

मी रिसीव्हर तिच्या ओठांजवळ धरला. नागपूरला ते घड्याळ हातात घेऊन तिचे श्वास मोजत होते. बूथच्या काचेला बाहेरून लोक चिकटले होते. बापाने तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं होतं. त्या एका मिनिटाएवढं लांबलचक मिनिट मी आयुष्यात पाहिलं नाही.

"आता कानाला लाव," लांबून बारीक आवाज आला. मी लावला. "तिला आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात ने. सलाईन लागेल. तिथल्या डॉक्टरांशी मी बोलतो. जाताना आपल्या फ्रिजमधली बाटली घे. आणि थांब, तिची बाटली कुठे आहे?"

लक्ष्मणभाऊंनी डेगचीकडे बोट दाखवलं. शेजाऱ्याने झाकण काढलं. आत बर्फ, भुसा आणि पांढरंशुभ्र खडेमीठ. मी हात घातला तर बोटं बधिर झाली. बाटली काढली, तिच्यावर हिमाचा थर होता. मुठीत धरून ऊब दिली आणि उजेडाकडे केली. ते इन्शुलिन दुधासारखं एकसारखं दिसायला हवं होतं. ते फाटलेल्या दुधासारखं झालं होतं, काचेला कण चिकटलेले.

"गोठलंय, सर. मीठ घातलेल्या बर्फात होती," मी म्हणालो.

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे इतके दिवस आपण तिला पाणी टोचत होतो. पळ. आणि नव्या बाटलीतून वाढवलेला डोस देऊ नका, जुनाच सांगतो त्यांना. पळ!"

आम्ही पळालो. सरकारी दवाखान्यातल्या लोकांनी जिवाचं रान केलं. लक्ष्मणभाऊ तीन दिवस तिच्या पायाशी जमिनीवर बसून होते. मी रोज जायचो आणि त्यांच्याशी नजर मिळवू शकत नव्हतो. नंतर मला कळलं की ते त्या उन्हात रोज सकाळी सायकलने बेल्याला जात, कुल्फीवाल्याकडून बर्फ आणत आणि तो दुपारी वितळला की पुन्हा जात. मी सांगितलेलं त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. चौथ्या दिवशी वंदनाने डोळे उघडून मला पाहिलं आणि विचारलं, "काका, किती नंबर?" मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडलो.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांनी फोनवर लक्ष्मणभाऊंना बोलावलं. मी शेजारीच उभा होतो. डॉक्टर इतके चिडले होते की रिसीव्हरमधलं मलाही ऐकू येत होतं. "बर्फात मीठ घालायची अक्कल कुणी शिकवली तुम्हाला? पोर गेली असती! कुणी सांगितलं होतं?"

लक्ष्मणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडायला हवं होतं आणि मी ते उघडलं नाही.

"कोनी नाई साहेब," ते म्हणाले. "माह्याच डोक्यानं केलं. चुकलो."

डॉक्टर आणखी बरंच बोलले. त्यांनी सगळं मान खाली घालून ऐकलं, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि बाकड्यावर जाऊन वंदनाशेजारी बसले. त्या दिवसानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही. एवढंच केलं की प्रत्येक पेशंटला सक्ती केली, येताना ओल्या फडक्यात गुंडाळून बाटली आणायचीच. आधी बाटली दाखवा, मग नळी. लोक चेष्टा करायचे. मला ‘बाटलीवाला कंपाउंडर’ असं नावही पडलं होतं, आणि ऐकणाऱ्याचा गैरसमज व्हायचा तो वेगळाच.

वर्षं गेली. वंदना शिकली, तामसीकडच्या एका शाळेत शिक्षिका झाली. गुरुवारी शाळा सुटली की बसने यायची. लक्ष्मणभाऊ एका हिवाळ्यात झोपेतच गेले. मी मातीला गेलो होतो. तिथेही माझ्या तोंडून काही निघालं नाही.

त्यानंतरच्या एका गुरुवारी बाकडं अजून भरायचं होतं. फक्त वंदना होती आणि फोनला अजून थोडा वेळ होता. नळी धुता धुता मी तिच्याकडे पाठ करून म्हणालो, "वंदना, ते बर्फात मीठ घालायचं मी सांगितलं होतं तुझ्या बाबांना."

"मले माहीत हाय, काका," ती म्हणाली.

मी वळलो. ती शांतपणे वह्या तपासत बसली होती.

"कधीपासून?"

"त्या गुरुवारी दवाखान्यातून घरी आलो तवापासून. आईनं बाबाले इचारलं होतं, त्याचं नाव काऊन नाई सांगतलं मनून. बाबा मने, नाव सांगतलं असतं त डाक्टरनं त्याले फोनवरून काढून टाकलं असतं. मंग आपल्या पोरीचा रंग कोन सांगतलं असतं?"

इतकी वर्षं मी समजत होतो की त्या भोळ्या माणसाने मला माफ केलं. तो भोळा नव्हता. मुलीच्या जिवाला कोण लागतं याचा त्याने त्या बूथमध्ये, शिव्या खाता खाता विचार केला होता आणि मला ठेवून घेतलं होतं.

"आज मी डॉक्टरांना सांगणार," मी म्हणालो.

"सांगा," वंदना म्हणाली. तिने पिशवीतून ओलं फडकं सोडवलं आणि बाटली माझ्यासमोर धरली. "पन आदी माहा रंग सांगा. मंग तुमचं काय ते सांगा."

मी चष्मा लावला. बाटली उजेडाकडे धरून हळूच फिरवली. नळी उकळली, चिंध्यांची वही उघडली, दोनदा पडताळून पाहिलं. मग बूथमध्ये जाऊन नागपूर लावलं.

"सर, वंदना. दोन नंबर. बाटली पाहिली, चांगली आहे."

"शाब्बास. डोस तोच ठेव," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज आता थकलेला असे. "पुढे?"

मी सांगितलं. मी काय म्हणालो होतो ते, कुल्फीवाल्याचं, शाळेतल्या विज्ञानाचं, लक्ष्मणभाऊंनी माझ्याकडे पाहिलं होतं ते, सगळं. सांगून झाल्यावर पलीकडून काहीच आवाज येईना. वंदनाचे श्वास मोजताना ते असेच गप्प झाले होते. मी रिसीव्हर घट्ट धरून उभा राहिलो.

"यशवंता," शेवटी ते म्हणाले, "आज बाटली हातात घेऊन पाहिलीस ना?"

"हो, सर."

"मग पुढचा पेशंट सांग."